मी जन्माने बुटकी नाही

मी गाडी बोलतेय. गडद निळी, दोनच दारांची, पुढून निमुळती. लहान मुलं जिच्याकडे बोट दाखवतात आणि मोठी माणसं 'हौसेची दिसते' म्हणून नाक मुरडतात, ती. मला राग आलेला आहे. इतके दिवस तो मी पोटात ठेवला होता, पण माझ्या पोटाचं काय झालं ते ऐकलंत की तुम्हीच म्हणाल, तिथे ठेवायला जागाच कुठे होती?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी तिथे रांगेने पुढे सरकत होत्या. माझ्या चारही चाकांवर जाड, काळ्या स्प्रिंगा बसवल्या आणि मला पहिल्यांदा जमिनीवर उतरवलं, तेव्हा मी हलकेच खाली बसले आणि आपोआप वर आले. काय बरं वाटलं होतं! कारखान्यामागे मुद्दाम खड्डे आणि उंचवटे केलेला एक रस्ता होता. तो मी कुठेही न घासता पार केला. हे नीट लक्षात ठेवा. मी चपळ होते, अंगाने सडपातळ होते, पण बुटकी नव्हते. माझ्या पोटाखालून मांजर मान न वाकवता जायचं.

माझी पहिली मालकीण दातांची डॉक्टर होती. ती मला रोज दवाखान्यात न्यायची, येताना भाजी आणायची, सिग्नलला माझ्या आरशात स्वतःचेच दात बघायची. पावसात, उन्हात, चिखलात, मी कधी कुरकुरले नाही. पुढे तिला जुळी झाली. दोन बाळांच्या दोन खुर्च्या माझ्या मागच्या बाकावर काही केल्या बसेनात, म्हणून तिने मला विकलं. जाताना माझ्या टपावरून हात फिरवला. तिच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो झिपऱ्यावर. त्याच्या कपाळावरची झिपरी सतत डोळ्यांत यायची आणि तो ती मानेच्या झटक्याने उडवायचा, म्हणून मी त्याला झिपऱ्या म्हणते. मला घेतल्यावर त्याने चार मित्र गोळा केले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सगळं झकास आहे, पण जरा खाली बसली पाहिजे."

अहो, का? मी काय वाटेत उभी होते?

एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी मला उचललं, माझ्या स्प्रिंगा काढल्या आणि कटरने कापल्या. नवीन नाही आणल्या, होत्या त्याच कापल्या! ठिणग्या उडत होत्या आणि सगळे मोबाइलवर फोटो काढत होते. मग तेच थोटके तुकडे परत बसवले. मला खाली ठेवलं, तेव्हा मी बसले ती बसलेच. "वा! काय बसलीये!" झिपऱ्या ओरडला. एखाद्याच्या पायाचा घोटा मोडावा आणि लोकांनी त्याच्या लंगडण्याला ठेका धरावा, तसं मला झालं.

त्यानंतर तो मला कधी कामाला घेऊन गेला नाही. एका कॉफीच्या दुकानासमोर उभी करायची, टेकून उभं राहायचं, संपलं. वर्षभरात कंटाळा आला आणि त्याने मला जुन्या गाड्यांच्या यार्डात नेऊन टाकलं. यार्डवाल्याने माझ्या टायरना काळं पॉलिश लावलं, काचेवर 'स्पोर्टी' असा कागद चिकटवला आणि पोटाखाली एकदाही पाहिलं नाही.

तिथे खारू आली.

खारू म्हणजे खारीसारखी. लहानखुरी, डोळे मोठे, सारखी काहीतरी निरखत असलेली. नुकतीच दुग्धशास्त्राची पदवी घेऊन तिला एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. डेअरी गावाबाहेर, पहिली पाळी भल्या पहाटे, तेव्हा बस नाही. म्हणून गाडी. सोबत तिचे बाबा होते. ते छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर काम करत. आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. खारूची आई लवकर गेल्यामुळे तिला आत्यानेच वाढवलं होतं आणि बोलण्याचा सगळा वाटा घरात आत्यानेच उचलला होता.

बाबा थेट माझ्या शेजारच्या राखाडी, चौकोनी गाडीकडे गेले. "ही बघ. भक्कम."

"फ्रिज दिसतोय," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि ही घसरगुंडी."

खारू सरळ माझ्यात बसली. स्टिअरिंग हातात धरलं, क्लच दाबून पाहिला, इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकलं. माझं इंजिन ऐकणारी ती पहिलीच. बाकी सगळे फक्त माझ्याकडे बघायचे.

"हीच," ती म्हणाली.

"अगं, तुला रोज जायचंय. शर्यतीला नाही जायचं," बाबा म्हणाले.

"रोज जायचंय म्हणूनच."

बाबांनी माझ्या टायरला बुटाने दोन लाथा मारल्या. माणसं असं का करतात, मला आजवर कळलेलं नाही. टायर काय 'आई गं' म्हणणार आहे? मग त्यांनी यार्डवाल्याला विचारलं, "फार खाली नाही का ही?"

"स्पोर्टी गाडी आहे साहेब, खालीच असते," तो म्हणाला.

धडधडीत खोटं! मला हॉर्न वाजवता आला असता तर मी तिथेच वाजवला असता.

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक लागला. गल्लीतल्या लोकांनी स्वतःच सिमेंट ओतून केलेला, चांगला गुडघाभर म्हणावा असा. खर्रर्र करून माझं पोट घासलं. आत्याने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड पकडला. "काय गं, तळ गेला का हिचा?"

त्या दिवसापासून माझी विटंबना सुरू झाली. वजन कमी झालं की मी जरा वर येते हे बाबांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पद्धतच पाडली. गतिरोधक आला की सगळ्यांनी उतरायचं. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून ती पुढे बसायची आणि बाबा मागे, अंगाची घडी करून. पण माझी दारं दोनच. आत्या उतरल्याशिवाय बाबांना निघता येत नसे. आधी आत्या कण्हत उतरणार, मग सीट पुढे पाडून बाबा रांगत बाहेर येणार, मग ते माझ्यापुढे उलटे चालत हात हलवणार, "ये, ये, ये… तिरकी घे… बास, बास!" मी गतिरोधक उतरले की परत बाबा आत, मग आत्या आत. पुढच्या वळणावर शाळा. तिथे पुन्हा तेच.

गल्लीतले लोक गॅलरीत येऊन बघायचे. एक शिंपीकाका होते, ते दर वेळी विचारायचे, "काय आत्याबाई, आज चालत की गाडीने?"

"दोन्ही!" आत्या म्हणायची. "पैसा वसूल!"

सगळे हसायचे. खारू मात्र मान खाली घालून स्टिअरिंगकडे बघत राहायची. आणि मी? मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटायचं. तशी मी जमिनीपासून फार लांब नव्हतेच.

पहाटे आम्ही दोघीच असायचो, खारूच्या एकटीच्या वजनाने पोट घासायचं नाही, तेव्हा मात्र मजा यायची. मोकळा रस्ता, खारूचा हलका हात. वळणावर ती मला इतकी नेमकी घालायची की मला कारखान्यामागचा तो रस्ता आठवायचा. डेअरीत ती मला टँकरच्या फाटकापाशी लावायची. तिथून मला तिचं काम दिसायचं. पांढरा अ‍ॅप्रन घालून ती लांब दांड्याच्या पळीने टँकरमधलं दूध काढायची, बाटलीत भरायची, आत जाऊन तपासायची. एखाद्या टँकरमध्ये पाणी निघालं की बाहेर येऊन हळू आवाजात म्हणायची, "परत न्या." टँकरवाले आरडाओरडा करायचे. ती पुन्हा तेवढ्याच हळू म्हणायची, "परत न्या." तिथे ती कोणालाही बधायची नाही. घरी मात्र बाबांसमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

एके दिवशी आत्याला गुडघा दाखवायला डॉक्टरकडे न्यायचं होतं. गुडघा इतका सुजला होता की तिला मधे उतरणं शक्यच नव्हतं. "आज मी हलणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे," ती म्हणाली. झालं ते असं, की शाळेजवळच्या गतिरोधकावर माझ्या इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फुटला. काळं तेल रस्त्यावर पसरलं. आत्याला रिक्षात बसवताना बाबांचा चेहरा लाल झाला होता.

"बास झालं!" ते खारूला म्हणाले. "तुझ्या हौसेपायी आत्यावर रस्त्यावर बसायची वेळ आली. ही गाडी विकायची. आता पुढची मी निवडणार. तुला निवडता येत नाही."

बोल, मी मनात म्हणाले. बोल गं बाई. सांग की हिची चूक नाही. खारूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "बरं."

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचाही राग आला. दूध परत पाठवताना जी हटत नाही, ती माझ्या वेळी 'बरं' म्हणते? आणि फक्त माझा प्रश्न नव्हता. गाडी ही तिने आयुष्यात एकटीने केलेली पहिली निवड होती. ती चुकली असं एकदा ठरलं की पुढे नोकरी, घर, माणूस, सगळंच दुसरं कोणीतरी निवडणार, हे मला कळत होतं. तिलाही कळत असणार.

चेंबर दुरुस्त झाला. रविवारी गिऱ्हाईक येणार असं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी डेअरीत माझ्या शेजारी एक गाडी येऊन उभी राहिली. माझ्याच कारखान्यातली, माझीच बहीण! रंग पांढरा, पण चिखलाने चॉकलेटी झालेला. त्यातून गुरांची डॉक्टर उतरली. खारू किल्ली हातात घेऊन माझ्याकडे येत होती, ती मधेच थांबली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. बहिणीचं चाक आणि त्यावरची कमान यांच्यामध्ये तिने हात घातला. सबंध पंजा गेला. मग माझ्या चाकावर घातला. बोट जाईना.

"डॉक्टर, ही तुम्ही उंच करून घेतलीये का?" तिने विचारलं.

"छे! आली तशीच आहे. रोज गोठ्यागोठ्यांतून फिरते. का गं?"

खारू अ‍ॅप्रनसकट धुळीत गुडघ्यांवर बसली आणि मोबाइलचा उजेड पाडून माझ्या चाकाआड पाहू लागली. मग बहिणीच्या. मग परत माझ्या. "कापल्यात," ती पुटपुटली. "अगं, तुझ्या कापल्यात."

मला रडता येत नाही. आलं असतं तर तिथे काचा पुसायची कांडी चालवली असती.

रविवारी गिऱ्हाईक आलं. मोठा चष्मा, घट्ट पँट, सोबत मित्र. मला बघताच म्हणाला, "काय बसलीये! अजून थोडी खाली घेतली ना, तर बघायलाच नको." माझ्या अंगावर काटा आला. बाबांनी किल्ली मागायला हात पुढे केला.

"नाही विकायची," खारू म्हणाली. तिचा आवाज अगदी डेअरीतला होता.

"काय?"

"हिच्या स्प्रिंगा कोणीतरी कापल्यात, बाबा. ही अशी नव्हतीच. नव्या बसवल्या की झालं."

"आणि हे तुला आत्ता कळतंय?"

"हो. तेव्हा मी खाली वाकून पाहिलं नाही. माझं तपासणं चुकलं. निवडणं नाही चुकलं." तिने किल्ली खिशात टाकली. "दुधात कोणी पाणी घातलं म्हणून आपण गाय विकायला काढत नाही."

"पण उंच केली तर लूक जाईल!" गिऱ्हाईक मधेच म्हणालं.

आत्या काठी टेकत पुढे आली. "तुझे पाय गुडघ्यापासून कापले तर तुझा लूक वाढेल का रे, बाळा?"

बाबा हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले, गुडघे टेकले, आडवे होऊन चाकाआड हात घातला आणि माझ्या स्प्रिंगेच्या टोकावरून बोट फिरवलं. हळूहळू, एकदा, पुन्हा एकदा. आयुष्यभर त्यांनी कापलेल्या कडांवरूनच बोट फिरवलं होतं. त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. उठले तेव्हा त्यांचा सदरा मातीने भरला होता आणि चेहरा पुन्हा लाल झाला होता. पण या वेळी माझ्यावर नाही, खारूवरही नाही.

"कोणी केलं हे?" ते ओरडले. "चांगल्या वस्तूची ही दशा कोणी केली?"

इतक्या वर्षांत माझ्या वतीने कोणीतरी पहिल्यांदा रागावलं होतं. मग ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "गाडी विकायची नाहीये. हिची आहे ती. काय ते हीच ठरवेल."

आता माझ्या चारही चाकांवर नव्या, अखंड स्प्रिंगा आहेत. आत्या गतिरोधकावरून बसल्या बसल्या जाते आणि गॅलरीकडे बघून हात हलवते. शिंपीकाका म्हणतात, "पूर्वीची मजा राहिली नाही हो." मजा! दुसऱ्याचं पोट घासत होतं, तेव्हा यांची मजा होत होती.

माझी माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही. झिपऱ्याने नाही, यार्डवाल्याने तर नाहीच. मागणारही नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते. शिक्षण संपवून, पहिल्या नोकरीसाठी माझ्यासारखी जुनी, चपळ गाडी घ्यायला गेलात, तर जरूर घ्या. आम्ही रोज राबायला तयार असतो. फक्त चकाकी बघून भुलू नका आणि कोणी 'ही अशीच असते' म्हणालं तर ऐकून घेऊ नका. खाली बसा, वाकून बघा. कपडे मळतील, मळू द्या. आणि आम्हाला नावं ठेवण्याआधी, आमचं हे असं कोणी केलं, एवढं तरी विचारा.

सांगण्यासारखं अजून खूप आहे. पण फाटक वाजलं, खारू डबा घेऊन येतेय. तुमच्याशी भांडत बसायला मला आता सवड नाही. मी रोजच्या कामाची गाडी आहे.