चौथ्या वॉर्डाची ताटं

वहिनींनी नववं ताट वजनकाट्यावर ठेवलं, चष्मा वर सरकवला, रिकाम्या ताटाचं वजन वजा केलं आणि वहीत लिहिलं: शून्य.

पाच दिवस त्या रुग्णालयाच्या तळघरात, स्वयंपाकघरातल्या भांडी घासायच्या हौदाशेजारी ठाण मांडून बसल्या होत्या. हे स्वयंपाकघर ठेवायचं, की बंद करून बाहेरून खोकीबंद जेवण मागवायचं, हे व्यवस्थापनाला ठरवायचं होतं. त्यासाठी एका संशोधन संस्थेला काम दिलं होतं, आणि संस्थेनं दोघींना धाडलं होतं. वहिनींनी उष्टं मोजायचं आणि वन्संनी रुग्णांशी बोलायचं. वन्सं म्हणजे वहिनींची सख्खी नणंद. एकीला आकड्यांवाचून दुसरं काही पटत नसे, दुसरीला आकडे दिसले की जांभई येई. संस्थेत दोघींना सगळे याच नावांनी ओळखत, कारण त्या एकमेकींना सगळ्यांदेखत, आणि चढ्या आवाजात, तशाच हाका मारत.

बाकीच्या वॉर्डांतून ताटामागे दीडशे-दोनशे ग्रॅम अन्न परत येत होतं. चौथ्या वॉर्डाची नऊ ताटं मात्र दोन्ही वेळा घासूनपुसून स्वच्छ.

"चौथा वॉर्ड जेवणावर खूश आहे," वहिनींनी जाहीर केलं.

"खूश?" वन्संनी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. "नऊच्या नऊ जणांशी बोलले मी. एक जण म्हणाला, सूप आहे की हात धुवायचं पाणी, हे कळायला त्याला दोन दिवस लागले."

"माणसं बोलतात एक आणि करतात दुसरंच."

"आणि ताटं तेवढी खरं बोलतात?"

"ताटं बोलत नाहीत, वन्सं. तोच तर त्यांचा गुण."

वाद संध्याकाळी घरी गेला. ज्याची एक बायको आणि दुसरी बहीण, तो बिचारा जेवायला बसला होता. भाजीचा पहिला घास त्याच्या तोंडात गेला न गेला तोच बहिणीनं विचारलं, "अगदी मोकळेपणानं सांग, हा घास घेतल्यावर मनात काय काय आलं?"

"एक ते पाचमध्ये सांगा," बायको म्हणाली.

त्यानं ताट उचललं आणि बाल्कनीत जाऊन उभ्यानं जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी स्वतःच चौथ्या वॉर्डात गेल्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर कुणाच्या तरी मावशीसारख्या बसून राहिल्या. ताटं आली. सगळ्यांनी चार-चार घास खाल्ले. सिस्टर पडद्याआड गेल्या, आणि ताटं चालू लागली. दुसऱ्या खाटेवरून तिसरीवर, तिसरीवरून चौथीवर, हातोहात, आवाज न करता. सगळी सहा नंबरच्या खाटेपाशी येऊन थांबली. तिथं पाय प्लास्टरमध्ये टांगलेला एक आडदांड क्रेनवाला होता. त्यानं मान खाली घातली आणि एकामागून एक सगळी ताटं साफ केली. मग ती आल्या वाटेनं परत गेली.

वहिनी स्टूल ओढत त्याच्या खाटेपाशी गेल्या.

"जेवण कसं वाटतं? एक ते पाच?"

"एक," तो म्हणाला. "अर्धा चालेल का?"

"मग नऊ जणांचं का खाता?"

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"खाली स्वयंपाक करते ती माझी ताई आहे. अकरा वर्षं बोलत नाही आम्ही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तिनं एकटीनं शंभर माणसांचं रांधलं, आणि मी सगळ्यांसमोर ताट सरकवून म्हणालो, ह्याला काही चव नाही."

"खरंच नव्हती?" वहिनींनी विचारलं. नोंद अर्धवट राहिलेली त्यांना खपत नसे.

"नव्हतीच हो!" तो कळवळून म्हणाला. "पण ते बोलायचं असतं का? मी इथं आहे हे तिला ठाऊक नाही. तुम्ही सांगू नका. माझ्या वॉर्डातून तिचं अन्न परत जायचं नाही, एवढं मी ठरवलंय."

वहिनींनी पेनाचं टोपण काढलं, वहीतल्या रकान्यांवरून नजर फिरवली आणि टोपण परत लावलं.

त्या खाली आल्या तेव्हा आचारीणबाई रात्रीची ताटं वाढत होत्या. तिसऱ्या वॉर्डाच्या ताटात एक डाव भात पडला. चौथ्याच्या प्रत्येक ताटात दोन, आणि वर डावानं दाबून आणखी थोडा. वहिनी बघत राहिल्या. पाच दिवस त्यांनी काय परत येतं ते ग्रॅमपर्यंत मोजलं होतं. काय वर जातं, ते मोजायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"चौथ्याला जास्त?"

"सहा नंबरला लागतं," आचारीणबाई वर न बघता म्हणाल्या. "लहानपणापासून तसाच आहे. शाळेत स्वतःचा डबा संपवून माझाही खायचा. नुसत्या त्याच्याच ताटात जास्त घातलं तर त्याच्या लक्षात येईल, म्हणून सगळ्यांना घालते."

"म्हणजे तो इथं आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

"पथ्याच्या चिठ्ठीवर नाव येतं, बाई."

"मग वर जाऊन भेटला का नाहीत?"

"त्यानं यायला हवं."

"अहो, त्याचा पाय मोडलाय!"

"अकरा वर्षं धड होता ना?"

वहिनींनी वही मिटली. घरी जाऊन त्यांनी सगळं वन्संना सांगितलं. वन्संनी पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकलं, आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "हे माझ्यापाशी कुणी बोललं नाही गं. नऊ जणांपैकी एकही नाही."

अहवाल लिहायला तीन आठवडे लागले. अन्न गार येतं, असं बाकीच्या वॉर्डांतले रुग्ण वन्संना पुन्हा पुन्हा सांगत होते. वहिनींनी घड्याळ लावून पाहिलं, तर ताटांची गाडी लिफ्टसाठी पंचवीस-पंचवीस मिनिटं खोळंबत होती. दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, हे ऐकून घरचा माणूस इतका दचकला की त्यानं दाराची कडी नीट लागली आहे का ते पाहिलं. चौथ्या वॉर्डाबद्दल अहवालात एकच तळटीप होती: 'हा वॉर्ड सरासरीतून वगळला आहे. कारण कौटुंबिक.'

व्यवस्थापनानं अन्न गरम ठेवणारी गाडी घेतली आणि स्वयंपाकघर आणखी एक वर्ष चालू ठेवलं.

अहवाल देऊन दोघी निघाल्या, त्याच दिवशी क्रेनवाल्याला घरी सोडत होते. लिफ्टपाशी तो चाकाच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर कागदपत्रं. सिस्टरना कुणीतरी हाक मारली. "मी नेते," म्हणत वहिनींनी खुर्ची आत ढकलली, आणि तळघराचं बटण दाबलं.

"बाई, मला बाहेर जायचंय," क्रेनवाला म्हणाला.

"वहिनी," वन्सं कुजबुजल्या, "आपण फक्त बघायचं असतं. मध्ये पडायचं नसतं."

"तुम्हीच तर वीस वर्षं सांगताय, माणसांत मिसळ म्हणून."

दार उघडलं. समोर आचारीणबाई पातेलं पुसत उभ्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"ताई," क्रेनवाला म्हणाला.

आचारीणबाईंनी पातेलं खाली ठेवलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, डोक्यापासून प्लास्टरपर्यंत आणि परत वर. वहिनींनी मात्र, सवयीप्रमाणे, त्याच्या मांडीवरच्या कागदांतले आकडे लिफ्टमध्येच वाचले होते. आला तेव्हा चौऱ्याण्णव किलो. आज, प्लास्टर वजा जाता, एकशे दोन.

"केवढा वाळलास रे," आचारीणबाई म्हणाल्या.

वहिनींनी बोलायला तोंड उघडलं. वन्संनी श्वास रोखला.

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "गालफडं बघा कशी बसलीत."