काचेचं कौल

“तुझाच काय, देवाचाही विश्वास बसायचा नाही, गणू,” तात्या माळ्यावर उताणे पडून छपरातल्या भोकाला सांगत होते. “पण नोकरीत असताना मी राहायचो त्या घराच्या छपराला पश्चिमेकडे काच होती. तिचा कवडसा जमिनीवर पडला की त्यात मी पापड भाजून घ्यायचो. एक दिवस कवडसा सरकला आणि पाहुणे म्हणून आलेल्या मामलेदारांच्या पगडीवर जाऊन बसला. पगडीचा नुसता कोळसा झाला. मामलेदार आपले खाली बसून चहा पितायत, त्यांना पत्ता नाही.”

भोकातून गणूचा चेहरा आत डोकावला. मागे कार्तिकातलं निळं आकाश होतं.

“हां तात्या, असंल,” तो म्हणाला. “पच्छिमेचं ऊन लय वंगाळ.” आणि त्याने शांतपणे काचेचं कौल पश्चिमेकडच्या त्या भोकात बसवलं.

तात्या हिरमुसले. पगडीवर त्यांचा भरवसा होता.

तात्या म्हणजे त्र्यंबकराव. जन्म कल्याणात गेला, नोकरी ठाण्याला झाली आणि उरलेल्या वेळात त्यांनी गोष्टी रचल्या. संध्याकाळी ओसरीवर बसून ते एकेक ठेवून द्यायचे. कधी खाडीतून पोहत आलेला हत्ती असायचा, कधी आगगाडीला मागे टाकणारी त्यांची म्हैस. आत त्यांच्या पत्नी आवडाबाई भाकरी थापत असायच्या. गोष्ट रंगात आली की मान न वळवता त्या एवढंच म्हणायच्या, “खोटं.” मग तात्यांना चेव यायचा. म्हशीला पंख फुटायचे, हत्ती ठाण्याच्या किल्ल्यात बिऱ्हाड करायचा. पुन्हा आतून “खोटं”, आणि ताटं मांडली जायची.

पौषात आवडाबाई गेल्या. तात्यांनी गोष्टी सोडल्या नाहीत, पण आळीतले लोक आता फार चांगले वागत. “हो का तात्या, कमाल आहे,” म्हणत आणि पाय उचलत. म्हाताऱ्याला दुखवू नये, असं साऱ्यांनी जणू ठरवूनच टाकलं होतं. तात्यांनी म्हशीला खाडीवरून उडवलं, तरी ऐकणाऱ्याने फक्त मान डोलावली. त्या दिवशी घरी येऊन ते बराच वेळ थंड चुलीसमोर बसले होते.

खालच्या घरात बसवेना, म्हणून त्यांनी माळ्यावर बिछाना टाकायचं ठरवलं. आवडाबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, सांडग्यांचे डबे, पाटा-वरवंटा, सगळं तिथेच होतं. पण दिवसाही दिव्याशिवाय काही दिसत नसे. तात्यांनी मुंबईहून आगगाडीने काचेचं कौल मागवलं. ते पेंढ्यात गुंडाळून आलं. भातकापणी उरकली तसा मानपाड्याचा गणू छपराच्या कामाला मोकळा झाला. पहिल्याच दिवशी त्याने आपला रिवाज सांगून टाकला.

“काम पुरं झालं का आढ्यावर नारल फोरायचा तात्या. मंग पुरच्या शाकारणीपरत मी त्या छपरावर पाय ठेवत नाय. आमच्या आज्यापासनं हेच चालत आलंय.”

तात्यांनी ते नीट ऐकून ठेवलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी पश्चिमेची काच त्यांना सोसेनाशी झाली. गणूने वरून नारळाच्या झावळ्यांचा झाप घातला. तिसऱ्या दिवशी तात्यांनी सांगितलं, की झापामुळे इतका काळोख झाला, की एक घुबड भर दुपारी येऊन रात्रीचं जेवण मागत होतं.

“हां तात्या. काल्लोख होतोच झापानं.”

गणूने कौल काढून पूर्वेच्या बाजूला बसवलं. कौल काढलं की भोक उघडं पडे आणि तेवढा वेळ गणूचा आवाज माळ्यावर येई. पेरणीचं, बैलाच्या खुराचं, मिठागरावर लागलेल्या भावाचं असं काहीबाही तो बोले. ऐकत पडलेल्या तात्यांना माळा भरल्यासारखा वाटे. काच बसली की आवाज तुटे. वर गणूचे ओठ हलताना दिसत, ऐकू काही येत नसे.

पूर्वेच्या काचेतून म्हणे सूर्य इतक्या पहाटे आत आला, की पिंपातले तांदूळ उठून बसले आणि आंघोळीला पाणी मागू लागले.

गणूने क्षणभर तात्यांकडे पाहिलं. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. तात्यांनी श्वास धरला. पण वडीलधाऱ्या माणसाला उलट कसं बोलायचं, हे गणूच्या अंगात मुरलेलं होतं.

“मंग उत्तरेला लावू,” तो म्हणाला. “तिथं सरळ ऊन यायचं नाय, नुसता उजेड. वैशाखात तापलं तर आतनं वाल्याच्या गवताचा परदा सोडा, भिजवून. वास बी येल चांगला.”

चौथ्या दिवशी काच उत्तरेला बसली आणि तात्यांची पंचाईत झाली. उजेड अगदी हवा तसा होता. मऊ, दुधासारखा, कुठेही न टोचणारा. बरण्यांच्या तोंडाला आवडाबाईंनी बांधलेली फडकी दिसू लागली. एकीची गाठ सैल होती, ती इतके महिने कुणाला दिसलीच नव्हती. तात्या उजेडात खोड शोधत राहिले. एकही सापडली नाही.

गणू शिडीवरून उतरून माळ्यावर आला. हात झटकून त्याने एकदा वर पाहिलं, एकदा खाली.

“झालं तात्या. नारल द्या.”

नारळ तात्यांच्या उशाशीच होता. त्यांनी तो हळूच उचलून कानाजवळ हलवला आणि तोंड गंभीर केलं.

“गणू, तुझा विश्वास बसायचा नाही. यात पाणीच नाही.”

“पानी नाय?”

“काल रात्री चंद्र आला होता. याच काचेतून उतरला. तहानलेला होता बिचारा. भोक न पाडता सगळं पाणी पिऊन गेला, आणि दाढी पुसायला माझं उपरणं घेतलं. आता कोरडा नारळ आढ्यावर कसा फोडायचा? मी दुसरा आणतो. तोवर काम पुरं झालं असं काही म्हणता येणार नाही. तू उद्या ये.”

गणूने हात पुढे केला. तात्यांनी नारळ सोडला नाही. गणूने तो अलगद त्यांच्या हातातून काढून घेतला, कानाजवळ नेला आणि हलवला. पाणी खळखळलं. त्या बंद माळ्यावर दोघांनाही ते स्वच्छ ऐकू आलं.

गणूने आताच बसवलेल्या काचेकडे पाहिलं. मग खांद्यावर उपरणं तसंच असलेल्या तात्यांकडे. ते बरणीच्या सैल गाठीवर नजर लावून, मान खाली घालून बसले होते, आतून हाक यायची वाट बघावी तसे.

“खोटं,” गणू म्हणाला.