टिपरीच्या शिदोरीवर जगलेला डोळा

मी उसाचा डोळा बोलतोय. नाव डोळा, पण मला दिसत काही नाही. पेरावर चिकटून बसलेला इवलासा कोंब मी. कोडोलीच्या गुंडूअण्णांनी लावणीसाठी राखलेला बेण्याचा ऊस तोडला, त्याचे आखूड तुकडे म्हणजे टिपऱ्या केल्या आणि एका टिपरीवर एकच डोळा ठेवून आम्हांला सरीत पुरलं.

पान फुटेपर्यंत मला उन्हाचा काही उपयोग नाही. तोवर टिपरीत साठलेली साखर हीच माझी शिदोरी. माझ्या पेशीपेशीत तंतुकणिका नावाच्या बारीक चुली आहेत. मातीतून प्राणवायू मिळाला, की त्या साखर सावकाश मोडतात. त्यातून निघालेल्या ऊर्जेवर मी मूळ सोडतो, कोंब वर ढकलतो. शिदोरी पुरली तर पान, नाहीतर माती.

गुंडूअण्णांचा हात मोठा सढळ. लावण होताच मोटर सुरू झाली ती थांबेचना. सरी तुडुंब भरली.

"उसाला पाणी आन् पैलवानाला दूध, कमी पडून चालत न्हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मातीतली हवा बुडाली, चुली विझत आल्या. मग पेशी हवेविनाच साखर आंबवू लागल्या. हा आतबट्ट्याचा व्यवहार. मूठभर साखर जाळावी तेव्हा चिमूटभर ऊर्जा हाती यायची. शेजारचा डोळा कुजला. मला भीती वाटली, उगाच कशाला लपवू?

अण्णांची सून क्रांती बांधावरून वाकली. तिनं एक टिपरी उकरून नाकाशी धरली.

"मामा, आंबूस वास मारतोय. जीव गुदमरलाय ह्यांचा. पाणी काढा की!"

"आगं, डोळ्याला काय नाक असतंय व्हय?" अण्णा हसले.

"नाक न्हाय, पर हवा तर लागतीया. घ्या, हुंगा!"

अण्णांनी हुंगलं. त्यांनी मोटर बंद केली, खोरं उचललं आणि सरीचं तोंड फोडलं.

पाणी ओसरलं, माती वाफशावर आली, तिच्यात पुन्हा हवा खेळू लागली. टिपरीतली साखर अगदी तळाला गेली असताना माझं पहिलं पान वर निघालं. आता त्यातली हरितलवकं ऊन, हवा आणि पाणी घेऊन साखर करतात. माझं मी कमावतो.

खाली टिपरी मात्र पोकळ झाली आहे. तण काढायला भांगलताना ती वर आली, तर कुजकं लाकूड म्हणून बांधावर भिरकावू नका. होतं नव्हतं ते तिनं मला दिलं. तिला माझ्या मुळाशीच राहू द्या.