ट्रॉली कोणी भरली

"सामान कोणी भरलं होतं?" एवढंच प्राचार्यांनी विचारलं होतं, आणि चारुशीलानं त्याचं अगदी बरोबर उत्तर दिलं होतं.

"देवमनभाऊंनी."

शब्दन् शब्द खरा. पंचवीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईनं एकही चुकीचा शब्द न वापरता खोटं बोलावं, आणि तेही इतक्या सहज, की पुढच्याच मिनिटाला तिनं रजेचा अर्ज भरायला घ्यावा, याचं तिला नंतर फार नवल वाटलं. लाज मात्र त्याहून उशिरा आली. आली ती गेलीच नाही.

अमरावतीच्या त्यांच्या कॉलेजची एक फिरती प्रयोगशाळा होती. मेळघाटातल्या आश्रमशाळांमध्ये वर्षातून दोनदा सामान न्यायचं, मुलांना प्रयोग दाखवायचे, रात्री दुर्बिणीतून चंद्र दाखवायचा आणि परत यायचं. आधी भाड्याची जीप असायची. यंदा चारुशीलानं स्वतःची छोटी एसयूव्ही घेतली होती, मागे हूक लावून घेतला होता आणि अकोल्याच्या एका फॅब्रिकेटरकडून दोन चाकांची लहानशी ट्रॉली बनवून आणली होती. गाडी नवी, रंग निळा. इतक्या लहान गाडीनं ट्रॉली ओढलेली कॉलेजात कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे निघायच्या सकाळी गेटपाशी जत्राच भरली.

सामान भरत होते प्रयोगशाळेतले परिचर देवमनभाऊ. सत्तावन्न वर्षांचे, चांदूर रेल्वेकडच्या एका खेड्यातले. त्यांनी इन्व्हर्टरच्या दोन जड बॅटऱ्या आणि पाण्याचे कॅन ट्रॉलीच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या बाजूला ठेवले. हलकं सामान मागे. सगळ्यात वर, गादीत गुंडाळून, दुर्बीण. ही दुर्बीण महादेवराव सरांची. निवृत्त होण्याआधी त्यांनी दोन वर्षं खपून, हातानं काच घासून तिचा आरसा केला होता.

दांडा हुकावर ठेवला आणि नव्या गाडीची मागची बाजू चार बोटं खाली दबली. गेटपाशी उभं असलेलं कोणीतरी म्हणालं, "पाह्य रे, मॅडमची गाडी त मांगून बसली! आता अंडं देते का?"

हशा झाला. चारुशीलाही हसली, पण कान तापले.

"देवमनभाऊ, बॅटऱ्या मागे घ्या," ती म्हणाली. "वजन चाकांवर यायला हवं. गाडीवर नको."

"मॅडम, मांगं नोका घेऊ. उलाळ होते गाडी."

"म्हणजे?"

"मांगून जड झाली का पुढून उचलते. बैलाच्या खांद्यावर जरासं वजन पाह्यजेनच. नाई त जू वर उठते न बैल कोनाकडे चालला न गाडी कोनाकडे, पत्ता लागत नाई. माह्या बापानं तीस वर्सं भाड्याची गाडी हाकली जी."

"देवमनभाऊ, ही बैलगाडी नाही," ती हसत म्हणाली. गेटवरच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. "इथे बैल नाही, इंजिन आहे."

पुन्हा हशा. या वेळी तो देवमनभाऊंच्या वाट्याचा होता.

तिनं वहीत आकडे मांडले होते, हेही खरं. चाकांच्या पुढचं वजन, मागचं वजन, अंतरं. हुकावर भार शून्य यावा असा तिचा हिशोब होता. उभ्या ट्रॉलीसाठी तो चोख होता. देवमनभाऊंनी बॅटरी उचलता उचलता आणखी एकदा म्हटलं, "मॅडम, पाहा बुवा." मग निमूटपणे दोन्ही बॅटऱ्या मागे सरकवल्या. त्यावर शेवटच्या क्षणी ग्रंथालयानं दिलेली पुस्तकांची खोकी आली. तीही मागेच ठेवावी लागली. गाडी मात्र आता सरळ दिसत होती. छान दिसत होती.

परतवाड्याला चहा झाला. देवमनभाऊ कप हातात घेऊन ट्रॉलीभोवती एक चक्कर मारून आले. चारुशीला फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मग घाट लागला. चढावर काही वाटलं नाही. पलीकडच्या उतारावर गाडीनं जरा वेग घेतला, समोरून एक ट्रक अंगावरून वारा सोडत गेला, आणि मागे काहीतरी शेपटीसारखं हललं. डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. तिनं घाबरून ब्रेक दाबला, तशी ट्रॉलीनं गाडीचं ढुंगण धरून तिला आडवी फिरवली आणि स्वतः कडेच्या नालीत उलटली.

दोघांनाही खरचटलं नाही. दुर्बिणीच्या आरशाचे मात्र तीन तुकडे झाले होते. देवमनभाऊंनी ते तुकडे स्वतःच्या दुपट्ट्यात बांधले. परतीच्या वाटेवर ते गाठोडं मांडीवर धरून बसले. "मी म्हटलं होतं," असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

मग तो प्रश्न आणि ते उत्तर.

कार्यालयातून देवमनभाऊंना पत्र गेलं, खुलासा द्या म्हणून. चारुशीलाला वाटलं होतं, ते खुलाशात खरं काय ते लिहितील, मग आपणही हो म्हणू, विषय मिटेल. देवमनभाऊंनी लिहिलं, 'सामान भरण्यात माझ्या हातून चूक झाली.' खाली सही.

"असं कसं लिहिलंत?" तिनं जिन्यात गाठून विचारलं.

"हात त माह्येच होते न जी," ते म्हणाले आणि बाजूनं निघून गेले.

त्यांना फिरत्या प्रयोगशाळेतून काढलं. महादेवराव सर एका कार्यक्रमाला आले, तेव्हा त्यांनी चार लोकांत देवमनभाऊंना थांबवून म्हटलं, "काय रे, गाडीवानाचा पोरगा तू, अन् तुले गाडी भरता नाही आली?" देवमनभाऊ मान खाली घालून उभे राहिले. चारुशीला तीन पावलांवर होती. तिच्या हातात चहा होता. तिनं तो पिऊन टाकला.

त्या आठवड्यात रविवारी तिनं भाच्याची, गौरांगची, खेळण्यातली गाडी घेतली. मागे पुठ्ठ्याची ट्रॉली जोडली आणि गच्चीवर तिरपी फळी लावून सोडली. कणकेचा गोळा चाकांच्या पुढे ठेवला की ट्रॉली सरळ उतरायची. मागे ठेवला की शेपूट हलवायची आणि उलटायची. अकरा वेळा केलं. अकराच्या अकरा वेळा तेच. तिनं तारीख घालून वहीत नोंद केली. वही मिटली. खेळणं प्रयोगशाळेतल्या तिच्या टेबलाच्या खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं.

चार महिने गेले.

जानेवारीत प्रयोगशाळेत अकरावीच्या तासाला वस्तुमानकेंद्र आलं. देवमनभाऊ वजनांची पेटी घेऊन दारात उभे होते, आत येण्याची खूण होईपर्यंत नेहमीसारखे थांबलेले. पहिल्या बाकावरच्या आचलनं हात वर केला.

"मॅडम, आपली ट्रॉली उलटली ती याच्यानंच का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "देवमनकाकांले विचार ना! थे उलटी भरून दाखवतीन!"

वर्ग खदखदला. आणि देवमनभाऊही हसले. मुलांच्या हसण्यात आपलंही थोडं टाकावं, म्हणजे लवकर मिटतं, अशी सवय झालेल्या माणसाचं ते हसणं होतं. चारुशीलानं ते पाहिलं. खणाची किल्ली पर्समध्येच होती.

तिनं खणातून ती गाडी काढली, फळी मागवली, खडूचे तुकडे वजन म्हणून घेतले. आधी पुढे ठेवून दाखवलं, मग मागे. ट्रॉली हलली, उलटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"देवमनभाऊंनी वजन पुढे ठेवलं होतं," ती म्हणाली. आवाज सरळ राहावा म्हणून ती फळीकडेच बघत होती. "मी ते मागे घ्यायला लावलं. माझी गाडी मागून बसलेली दिसत होती आणि लोक हसत होते, म्हणून. त्यांनी मला दोनदा अडवलं होतं. आरसा माझ्यामुळे फुटला."

देवमनभाऊंनी पेटी टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

तास संपल्यावर ते मागच्या नळाशी बीकर धूत सापडले.

"पोरांयले सांगून का होते मॅडम?" ते वळले नाहीत. "कागद त वर हाफिसात हाय. माह्यी सही हाय त्याच्यावर."

"मी तिकडेच निघालेय."

"आता? चार महिने झाले न जी. माही नात इशिता, तिले शाळेत पोरी चिडवतात. कावून इतके दिस लावले?"

नळ वाहत होता. ती वर गेली.

प्राचार्य म्हणाले, "झालं गेलं, मॅडम. कशाला उकरून काढता? देवमनला मार्चपासून फिरत्या प्रयोगशाळेवर परत पाठवू हवं तर."

"मला लेखी द्यायचंय," ती म्हणाली.

"तुमच्या नावावर लागेल ते."

"माझंच आहे, सर."

तिनं तिथेच बसून अर्ज लिहिला. सामान मागे घेण्याची सूचना तिची होती, देवमनभाऊंनी दोनदा विरोध केला होता, त्यांचा खुलासा रद्द समजावा आणि हे पत्र महादेवराव सरांनाही कळवावं. कारकुनानं आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला. एक प्रत घेऊन ती खाली आली.

देवमनभाऊंनी हात पुसले, खिशातून चष्मा काढला. एकेक ओळ बोटानं धरत त्यांनी कागद वाचला. एका जागी बोट थांबलं.

"हे चुकलं जी."

"काय?"

"दोनदा नाई. तीनदा सांगतलं होतं."

"तिसऱ्यांदा कधी?"

"परतवाड्याले. चहा पेताना. म्या म्हटलं, मॅडम, दांडा पाहा, बोटानं वर उचलते, अजून येळ हाय, सामान बदलून घेऊ." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुमी आयकलं नसन."

तिनं ऐकलं होतं. फोनच्या पडद्यावर काहीही नव्हतं, नुसती तारीख आणि वेळ होती. तिनं मान वर केली नव्हती, कारण मान वर केली असती तर भर रस्त्यात सामान पुन्हा भरावं लागलं असतं.

"ऐकलं होतं," ती म्हणाली.

देवमनभाऊंनी कागद तिच्यापुढे तसाच धरून ठेवला.

चारुशीलानं तो घेतला, पेन काढलं आणि पुन्हा जिना चढू लागली.