कपाटराव, माझा कोट धरा

मी कपाट बोलतोय. हे वाक्य माझं नाही. ते पहिल्यांदा उच्चारलं सहा वर्षांच्या एका मुलानं, माझ्याच पोटात बसून, आवाज जाडाभरडा करून. मी ते जपून ठेवलं, इतकंच. जपून ठेवणं याखेरीज मला दुसरं काही येत नाही.

मला एका सुतारानं बनवलं. दोन दारं, चार फळ्या आणि उजव्या दाराच्या बिजागरीत एक खोड. ते दार उघडलं की मी कण्हतो. सुतार म्हणाला होता, "वापरात आलं की जाईल." मी वापरात आलो, सुतार जगातून गेला, कण्हणं राहिलं.

पहिली एकोणीस वर्षं मी एका कार्यालयात काढली. माझ्या पोटात फायली असत आणि त्यातल्या बहुतेकांवर लाल अक्षरांत 'तातडीचे' लिहिलेलं असे. मुख्य लिपिक रोज एकदा मला उघडत, आत बघत, सुस्कारा सोडत आणि बंद करत. याला ते 'प्रकरण विचाराधीन आहे' असं म्हणत. पुढे लोखंडी कपाटं आली आणि तीन सह्या व एक शिक्का मारून मला निरुपयोगी ठरवण्यात आलं. निरुपयोगी असल्याचा लेखी दाखला फार थोड्यांच्या नशिबी असतो. बाकीचे तसेच कामावर येत राहतात.

तो दाखला ज्या टायपिस्टबाईंनी टाइप केला, त्यांनाच माझी दया आली. त्यांनी मला घरी नेलं. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. जिना अरुंद होता, म्हणून मला दोर बांधून गॅलरीतून वर ओढलं. पुढच्याच आठवड्यात गॅलरीला लोखंडी जाळी बसली. मी आता या खोलीतून बाहेर पडू शकत नाही, हे तेव्हाच सगळ्यांना दिसत होतं. कोणी बोललं मात्र नाही. कार्यालयातही असंच चाले.

बाईंनी माझ्या फळ्या काढून कपडे टांगायला आडवी दांडी लावली आणि डाव्या दाराच्या आत एक पितळी खुंटी ठोकली. ती खुंटी त्यांच्या कोटाची. गडद निळा, जाड लोकरीचा, कोपरांवर ठिगळं लावलेला कोट. घरात तीन माणसं. बाई, त्यांची मुलगी, जिला सगळेच ताई म्हणत, आणि मुलगा. त्याला आई 'धाकट्या' म्हणून हाक मारी. वडील होते, पण ते भिंतीवर.

संध्याकाळी सहाला जिन्यावर बाईंची पावलं वाजली की धाकटा धावत येऊन माझ्यात शिरायचा आणि दार ओढून घ्यायचा. बाई आत येत. त्यांना सगळं ठाऊक असे.

"अगं बाई, धाकटा कुठे गेला?"

आतून जाडाभरडा आवाज यायचा, "मी कपाट बोलतोय. इथे कोणी नाही."

"असं होय? मग कपाटराव, माझा कोट धरा."

डावं दार वीतभर उघडे, एक छोटा हात बाहेर येई आणि कोट घेऊन परत आत जाई. खुंटीला हात पुरत नसे म्हणून धाकटा कोट पांघरूनच बसायचा. बाई चहा टाकत. ताई वहीतून डोकं वर न काढता म्हणे, "रोज रोज काय तेच तेच!" पण सहा वाजून पाच मिनिटं झाली आणि पावलं वाजली नाहीत, तर खिडकीशी पहिली तीच जाई.

माणसांना आपलं सुख ते चालू असताना ओळखता येत नाही. मला येत होतं. मला दुसरा उद्योगच नव्हता.

धाकटा वाढला आणि कुरिअरच्या कामाला लागला. पाठीवर पिशवी घेऊन दिवसभर लोकांचे जिने चढायचा. जिने चढता चढता त्याला शब्द सुचायला लागले. चौथ्या मजल्यापर्यंत एक कडवं व्हायचं. लिफ्ट असलेल्या इमारतींमुळे मराठी रॅपचं किती नुकसान झालं, याची कोणी मोजदाद केलेली नाही.

मग चौकातल्या चढाओढी सुरू झाल्या. समोरासमोर उभं राहायचं आणि यमकं जुळवून एकमेकांची सालटी काढायची. अशा ठिकाणी धाकट्यासारख्या मुलाचं कोण ऐकणार? म्हणून त्यानं एक दुसराच माणूस तयार केला. त्याचं नाव जबडा. पिवळंजर्द जाकीट घातलं की जबडा अंगात यायचा. त्याला आई नव्हती, घर नव्हतं, भीती नव्हती. लोक त्याच्यावर खूश होते. बाईंनी एकदाच ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "आवाज चांगलाय. पण हा मुलगा कोणाचा रे?"

"आई, ते नाटक असतं!"

"असेल बाई. जेवायला कोण येणारे, तो की तू?"

मग बाई आजारी पडल्या. पलंग माझ्यासमोरच होता. त्या दुपारी धाकटा दुसऱ्या गावी एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रमाला गेला होता. ताईनं त्याला तीनदा फोन केला. खिशात फोन थरथरत होता, पण मंचावर जबडा होता, आणि जबडा फोन घेत नाही.

बाईंनी डोळे उघडले. "कपाटात बघ गं," त्या म्हणाल्या.

ताई परिचारिका. कितीतरी जणांचं शेवटचं बोलणं तिनं ऐकलेलं. ती मुकाट्यानं उठली आणि माझी दोन्ही दारं उघडली. मी कण्हलो. आत कपडे होते.

"नाही गं आई. कार्यक्रमाला गेलाय तो."

"मग कपाटरावांना सांग, कोट धरून ठेवा म्हणावं. येईल तो."

संध्याकाळी तो आला. सहाच वाजले होते. बाई नव्हत्या.

ताईनं त्याला हे बोलणं सांगितलं नाही. का, ते ती जाणे. मला मात्र लेखी नाही, पण तोंडी आदेश मिळाला होता, आणि एकोणीस वर्षांच्या नोकरीत न पाळलेले सगळे आदेश मी त्या एका आदेशात भरून काढायचं ठरवलं. दोन वर्षं मी तो कोट धरून ठेवला. फक्त सांगता येत नव्हतं, की अरे बाबा, आई रागावली नव्हती रे.

ताई लग्न होऊन गेली होती. धाकटा एकटा राहिला, आणि त्या एकटेपणात घुम्या जन्मला. राखाडी, टोपीचा स्वेटर घालून, डोकं खाली घालून हळू बोलणारा. जबडा बढाया मारी, घुम्या त्याचा हिशेब विचारी. दोघांच्या भांडणाचा एक अल्बम करायचा, असं धाकट्यानं ठरवलं. नाव 'दोन दारं'. बारा गाणी. एक याचं, एक त्याचं, आणि शेवटच्या बाराव्या गाण्यात कोण जिंकतो ते कळेल.

त्याचा एक मित्र होता. तो ध्वनिमुद्रण करी आणि माशी शिंकली तरी 'पुन्हा घेऊ' म्हणे, म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणत. त्यानंच शोध लावला, की या घरात आवाज सर्वात छान येतो तो कपाटात, कारण टांगलेले कपडे घुमारा पिऊन टाकतात. म्हणून माईक माझ्यात आला. धाकटा जाकीट घालून उजवीकडे तोंड करी, स्वेटर घालून डावीकडे.

जबडा म्हणे:
"नाव काय विचारतोस, नाव गाजतंय बघ,
तू दमलास त्या जिन्यावरून मी बघतोय ढग."

आणि घुम्या म्हणे:
"ढग बघितलेस, खिशातला फोन बघितला नाहीस,
टाळ्या ऐकल्यास, एक हाक ऐकली नाहीस."

हे म्हणताना त्याचं तोंड बाईंच्या कोटापासून चार बोटांवर असे. प्रत्येक शब्द आधी लोकरीत शिरे आणि मग माईकमध्ये. अकरा गाणी झाली. बारावं होईना.

"अरे, ठरव ना एकदाचं," कानसेन म्हणे. "जबड्याला जिंकव, लोक नाचतील. घुम्याला जिंकव, लोक रडतील. दोन्ही चालतं."

"दोघंही खोटे वाटतात रे."

"मग अकरावर थांब."

"तेराव्यांदा सांगतोयस हे."

तेवढ्यात खोली सोडायची वेळ आली. घरमालकाला महिनाअखेर ती रिकामी हवी होती. रविवारी सकाळी धाकटा पार्सलं पोचवायला गेला असताना ताई आली. तिनं पदर खोचण्याच्या थाटात बाह्या सरसावल्या आणि माझं पोट रिकामं केलं. आईचे कपडे, तिचे जुने कपडे, चादरी, सगळ्याची गाठोडी बांधून तिनं ती आपल्या रुग्णालयात वाटायला धाडली. आत उरलं पिवळं जाकीट आणि राखाडी स्वेटर. तिचा हेतू चांगला होता. भाऊ कपाट आवरायला घेणार, आईचे कपडे हाताळणार, आणि महिनाभर कामातून जाणार, हे तिला माहीत होतं. हेच कपडे त्याच्या गाण्याच्या भिंती आहेत, हे तिला कोण सांगणार?

दुपारी कानसेनला घेऊन धाकटा आला. ताई स्वयंपाकघरात भांडी बांधत होती. बारावं गाणं आज काढायचंच, या घाईत तो अंधारातच माझ्यात शिरला आणि सुरू झाला.

"थांब, थांब," कानसेन ओरडला. "विहिरीत उभा आहेस का?"

आत धाकटा सवयीनं कोटाला हात लावायला गेला. पितळी खुंटी हाताला लागली. गार.

तो बाहेर आला. "कपडे कुठायत?"

"दिले," ताई म्हणाली. "आज ना उद्या द्यायचेच होते."

"कोणाला विचारून? तू कोण ठरवणारी? तू तुझ्या घरी, इथे मी..." आवाज चढत चढत थेट मैदानावरचा झाला.

ताईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "हा कोण बोलतोय? त्या पिवळ्या जाकीटवाल्याशी मला बोलायचं नाही."

तो घुम्यासारखा आकसला. मान खाली गेली.

"आणि या दुसऱ्याशीही नाही. दोन वर्षं झाली, कधी हा भेटतो, कधी तो. माझा भाऊ कुठाय? धाकट्याशी बोलायचंय मला."

कानसेन हेडफोन कानावर तसेच ठेवून जमिनीकडे बघत होता. घरगुती भांडणात तिऱ्हाइतानं कसं वागावं, याचा तो उत्तम नमुना होता.

"कशाला हवाय धाकटा?" धाकटाच म्हणाला. "आई गेली तेव्हा तो नव्हता."

मग ताईनं सांगितलं. सगळं. 'कपाटात बघ गं'पासून 'येईल तो'पर्यंत. सांगताना ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"एवढे दिवस का नाही बोललीस?"

"माझं नाव नव्हतं घेतलं तिनं," ताई म्हणाली. "मी शेजारी बसले होते रे. औषधं मी देत होते. आणि तिनं शोधलं तुला. मला राग होता. आता नाहीये. बहुतेक."

मग धाकटा माझ्यात शिरला. ना जाकीट घातलं, ना स्वेटर. त्यानं उजवं दार ओढून घेतलं, मी कण्हलो. उंच झाला होता, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं. रिकाम्या पोटात त्याचा श्वाससुद्धा घुमत होता. कानसेनचं यंत्र चालूच होतं.

"मी कपाट बोलतोय," तो म्हणाला. आवाज जाडाभरडा करायला गेला आणि मध्येच फाटला. "इथे कोणी नाही."

कोणाचीच पावलं वाजली नाहीत. मग डावं दार वीतभर उघडलं आणि हात बाहेर आला. मोठा, दोरांनी घट्टे पडलेला कुरिअरवाल्याचा हात. तो रिकामाच, तसाच थांबून राहिला.

ताईनं आपली पिशवी उघडली. वरून तिचा डबा काढला, छत्री काढली, आणि खालून तो निळा कोट काढला. बाकी सगळं तिनं दिलं होतं. हा द्यायचा अधिकार तिला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तिनं कोट त्या हातावर ठेवला. हात कोट घेऊन आत गेला.

त्यानंतर जे झालं ते गाणं. त्यात यमकं थोडी कमी होती. कोण जिंकलं तेही कळत नाही. कानसेननं 'पुन्हा घेऊ' म्हटलं नाही. घुमारा तसाच ठेवला. शेवटी ताई नाक शिंकरते, तेही ठेवलं. आयुष्यात त्यानं केलेली ती एकमेव ढिलाई.

महिना संपला. धाकटा गेला, कोट अंगात घालून गेला. बाह्या तोकड्या होत होत्या. मला बाहेर काढायला दोन हमाल आले होते, त्यांनी जिना बघितला, जाळी बघितली, मला बघितलं आणि डोकं खाजवलं. मी राहिलो. जाताना त्यानं पिवळं जाकीट आणि राखाडी स्वेटर माझ्या दांडीवर शेजारी शेजारी टांगून ठेवले. दोघांच्या बाह्या एकमेकींना लागतात. भांडण नाही. बोलायला तोंडच राहिलं नाही म्हटल्यावर कोण भांडणार?

समोरच्या गॅलरीतल्या मुली हल्ली तो अल्बम लावतात. बाराव्या गाण्याच्या सुरुवातीला दार ओढल्याचा आवाज आहे. माझी बिजागरी. सुतारानं ऐकायला हवी होती.

या खोलीत उद्या जे कोणी येईल, त्याला माझं एकच मागणं आहे. मला करवतीनं कापून बाहेर काढण्याआधी एक दिवस राहू द्या. घरात मूल असेल तर ते माझ्यात शिरेल, शिरतंच. आतून वेगळाच आवाज काढून बोललं, तर लगेच दार उघडून त्याला बाहेर ओढू नका. विचारा त्याला काहीतरी. हातातलं ओझं त्याच्या हातात द्या.

डाव्या दाराची खुंटी मोकळी आहे. सहा वाजले की जिन्यावर कोणाची ना कोणाची पावलं वाजतात आणि वरच्या मजल्यावर निघून जातात. उत्तर मला पाठ आहे. विचारणारं कोणीतरी यावं.