लेकीचं लिंबाचं रोप

लेक जाऊन जेमतेम महिना झाला होता. तिने गॅलरीत लावलेल्या लिंबाच्या रोपाचा अळ्यांनी फडशा पाडलेला पाहून आईचं पित्त खवळलं. हातातलं शिवण टाकून तिने औषधाची बाटली उचलली.

"मेल्यांनो, तिची एवढी एकच खूण उरलीय, तीही गिळताय?"

पण फवारायला हात उचलला आणि लेकीचं बोलणं आठवलं. "आई, लिंबं तू बाजारातून आण गं. हे रोप अळ्यांसाठी आहे. त्या जेवल्याच नाहीत तर फुलपाखरं कुठून येणार?"

शेवटी शेवटी लेकीच्या घशाखाली घासही उतरत नव्हता.

आईने बाटली ठेवली आणि रोपाशेजारी बसकण मारली. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी पोटभर जेवत होतं.