अकरा पावलांवरची ठिपकी

“लांब मार बॅटरी, कमले. घराजवल काय हाय?”

केसरीनाथशेठचा हा आवाज अजून माझ्या पोटात घुमतो. मी एक जुनी, तीन सेलांची पितळी बॅटरी आहे. शेठनी मला निजामपुऱ्याच्या बाजारातून आणलं ते घरालगतच्या लूमच्या कारखान्यासाठी. वीज गेली की माझ्या उजेडात कामगार तुटलेला धागा हुडकत. “हिचा उजेड खाडीपार जातो,” असं शेठ ज्याला त्याला सांगायचे. मित्रांनो, त्या कौतुकानेच घात केला.

दोन हजार चार साली त्यांची मांजर ठिपकी हरवली. एरवी लूमच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही. लोडशेडिंग झालं की गल्ली शांत व्हायची, आणि नेमके तेव्हाच आम्ही हाका मारत पार टेमघरपर्यंत जायचो. दहाव्या दिवशी ठिपकी कारखान्यातच सापडली. घरापासून अकरा पावलांवर, सूत गुंडाळायच्या रिकाम्या बिमांच्या मागे. भिंतीला टेकून बसल्यासारखी दिसत होती, पण जीव नव्हता. त्या दारावरून माझा उजेड रोज नुसता सरकून गेला होता.

त्यानंतर शेठ मला हातात घेईनात. शेवटच्या दुखण्यात त्यांनी बायकोकडून, कमळाकाकूंकडून, एवढंच वचन घेतलं, “ठिपकीच्या पिल्लाला तरी असं जाऊ देऊ नको.” ते गेले. मी देव्हाऱ्यामागे पडून राहिले. माझ्या स्प्रिंगला गंज चढला.

ते पिल्लू म्हणजे चांदणी. ती नाहीशी झाली त्याला आज चौथा दिवस. तिला दूधभात घातल्याशिवाय घास घ्यायचा नाही हा काकूंचा नेम. चार दिवस त्या नुसत्या पाण्यावर आहेत.

“आई, रिक्षाला भोंगा लावून फिरवू या का?” सून मनालीने विचारलं.

“चांदनी काय निवडनुकीला उभी हाय?”

मग मनालीने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवून ती हळूच म्हणाली, “हरवलेल्या मांजरांचा अभ्यास झालाय म्हणे. बरीचशी जवळपासच दडून बसतात. भ्यायलेलं मांजर हाकेला ओ देत नाही. सांदीकोपऱ्यात वाकून बघा, म्हणाले.”

काकूंनी कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हंजे ठिपकी आयकत व्हती.”

मित्रांनो, मुकं जनावर हरवलं तर गाव पालथं घालण्याआधी घराभोवती गुडघे टेका. उजेड दूरवर पोचतो याचा गर्व मीही केला होता. त्याची किंमत मी मोजली नाही, ठिपकीने मोजली.

दुपारी चार वाजता वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले. काकूंनी मला काढलं, पदराने पुसलं, स्प्रिंग घासून नवे सेल घातले. देवाला हात जोडले. पावलं वाजू नयेत म्हणून चपला दारातच ठेवल्या. मग मला जमिनीलगत धरून, एक शब्द न बोलता, त्या कारखान्याच्या अंधाऱ्या दाराकडे निघाल्या.